पाल्याने बरी होणारी गुरं लॅबमध्ये कशाला?

पाल्याने गुरं बरी होतात तर लॅब कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी गोव्यात जनावरांच्या आरोग्यासाठी औषधी वनस्पतींवर काम करते, आणि लोकांना हे कळलं की वाळपईपासून पेडण्यापर्यंत कुठेही एक प्रश्न हमखास येतो : "बाय, आमच्या आज्याच्या काळात कुठे होते डॉक्टर नि कुठली लॅब? पाला वाटून लावायचे नि गुरं उठून उभी राहायची. मग तोच पाला मशिनीत घालून तुम्ही काय शोधता?"

पाल्यात गुण आहे याबद्दल मला शंका नाही, नाहीतर या कामात आलेच नसते. पण कुठला पाला कशावर चालेल हे ठरवायचं तर आधी जनावराला झालंय काय हे कळायला हवं. घोडं तिथेच पेंड खातं. गाय बोलत नाही, आणि वरून सारख्या दिसणाऱ्या दोन दुखण्यांची कारणं आत अगदी वेगळी असू शकतात. प्रयोगशाळेचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो. नवीन औषध शोधणं त्याच्यानंतर येतं.

आधी आज्याच्या काळाबद्दल. त्या काळात सगळीच गुरं उठून उभी राहत नव्हती. बुळकांडी, म्हणजे गुरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य साथरोग, आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, आणि तिच्यावर कुठलाही पाला चालला नाही. ती गेली लशीमुळे. भारत 2006 मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 मध्ये सगळं जग. आज तिशीतल्या शेतकऱ्याने हे नावही ऐकलेलं नसतं, इतकी ती गेली.

शिवाय तेव्हाची गुरंही वेगळी होती. आपली श्वेत कपिला घ्या, नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, अलीकडे देशी गोवंश म्हणून रीतसर नोंद झालेली. दूध थोडं, दिवसभर रानात चरणं, रात्री गोठ्यात. आता दावणीला जर्सी नि होल्स्टिनच्या संकरित गाई आहेत. दूध भरपूर, कासेवर ताण जास्त, आणि पावसाचे चार महिने ओल्या कोब्यावर उभं राहायचं. आज्याने जे औषध दिलं ते त्याच्या गाईला दिलं होतं. आपल्या गाईला कासेची दुखणी जास्त होतात, आणि त्यातलं बरंचसं दुखणं डोळ्यांना दिसतच नाही.

ते कसं ओळखतात, ते सांगते. चार कप्प्यांचं एक प्लास्टिकचं तबक असतं. प्रत्येक सडाची पहिली धार टाकून द्यायची, मग एकेका कप्प्यात एकेका सडाचं थोडं दूध घ्यायचं. तेवढंच जांभळट द्रावण घालायचं, मुख्यतः साबणासारखंच ते असतं, आणि तबक हलकेच गोल फिरवायचं. निरोगी सडाचं दूध पाण्यासारखं फिरतं. आतून सूज असलेल्या सडाचं दूध बघता बघता घट्ट होतं, तार धरतं, कप्प्याच्या मध्यभागी गोळा होतं. दुधात आलेल्या पांढऱ्या पेशी साबणाने फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर पडून दूध बुळबुळीत करतो. एका मिलिलिटरमध्ये अशा पेशी दोन लाखांच्या वर गेल्या की सड बिघडलाय असं धरतात. बाहेरून कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय खातेपिते. एका कप्प्यात मात्र शेंबडासारखा गोळा. हे पहिल्यांदा बघणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा बदलतो, कारण तेच दूध त्याने सकाळी डेअरीला घातलेलं असतं.

या टप्प्यावर मी पाल्याच्या बाजूने बोलते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, जो लेप सुचवतं, त्यात कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि थोडा चुना असतो. पातळ करून कास धुऊन दिवसातून अनेकदा लावायचा, पाच दिवस. चुना पडला की हळद लाल होते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. हळदीतलं कर्क्यूमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चुन्याच्या पाण्यात जास्त विरघळतं. मात्र तिथेच ते लवकर मोडतंही. म्हणून लेप ताजाच हवा, आठवडाभराचा करून ठेवला तर रंग राहील, गुण राहणार नाही. दुखणं सुरुवातीचं असेल तर अशा लेपाने अँटिबायोटिकचं इंजेक्शन टळू शकतं, आणि ते टळणं फार मोलाचं आहे. इंजेक्शननंतर ठरलेले दिवस दूध विकायचं नसतं. ते विकलं गेलं तर औषधाचा अंश पोराबाळांच्या पोटात जातो, आणि अर्धवट डोसांमुळे जंतू निर्ढावतात.

पण कासेत ई. कोलायसारखा जंतू जोरात वाढला आणि त्याचं विष रक्तात उतरलं तर गाय काही तासांत आडवी होते. तिथे लेप लावत बसलात तर गाय हातची जाते. कासेत कुठला जंतू आहे हे कल्चर (दुधातले जंतू वाढवून बघणं) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) या चाचण्यांवर कळतं. ते कळल्यावरच लेप की इंजेक्शन हा निर्णय शहाणपणाचा होतो.

दुसरं उदाहरण घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं. चारा संपत आला की गुरं तिला तोंड लावतात. मग होल्स्टिन संकराच्या गाईवर एक विलक्षण गोष्ट दिसते : कातडीचे पांढरे पट्टे लाल होऊन सोलतात, आणि शेजारचे काळे पट्टे जसेच्या तसे. लोकांना वाटतं खरूज आहे. करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, लावतात, हळद लावतात. खरं दुखणं यकृतात असतं. पाल्यातल्या विषाने यकृत मंदावतं, हिरव्या चाऱ्यातून तयार होणारं एक द्रव्य रक्तात साचतं आणि उन्हात कातडी जळते. काळ्या कातडीला रंगाचं संरक्षण असतं, पांढरीला नसतं. गाय सावलीत बांधा, घाणेरी बंद करा, डॉक्टरांना यकृत दाखवा. करंजेल कितीही शुद्ध असलं तरी इथे त्याचं काम नाही.

आता झाडाची ओळख. ढाळ लागलेल्या वासराला कुड्याची साल देतात, ती पांढऱ्या कुड्याची. काळा कुडा वेगळा. शेंगा आल्या असतील तर पोरही सांगेल : पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. पण बाजारात येते ती वाळकी साल, कधी पूड, आणि त्यात दोन्हींची भेसळ चालते ही जुनी तक्रार आहे. इथे डीएनए बारकोडिंग कामाला येतं. पुडीतल्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाचला की झाड कुठलं ते कळतं. त्या सालीत अल्कलॉइड, म्हणजे गुणकारी द्रव्यं, किती, हे डीएनए सांगत नाही, त्यासाठी रासायनिक चाचणी वेगळी. दोन्ही केल्याशिवाय "एवढी पूड द्या" असं मी कुणाला सांगत नाही. झाडं ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत, सत्तरी तालुक्याच्या रानात ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि त्यांचं ज्ञान लिहून घेताना त्यांचं नाव आणि हक्क सोबत राहिला पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

आणि गोचीड. लोक म्हणतात, करंजेल लावलं, गोचीड मेली नाही, म्हणजे उपयोग नाही. प्रयोगशाळेत रक्त पिऊन टम्म झालेली मादी वनस्पतीच्या अर्कात बुडवून काढतात, बशीत ठेवतात आणि रोज बघतात. मादी जिवंतच दिसते. पण एरवी जी दोन-तीन हजार अंडी घालते ती खूपच कमी घालते, किंवा घातलेली अंडी उबत नाहीत. असा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. उलट बाजूने, सायपरमेथ्रिनसारख्या रासायनिक कीटकनाशकाच्या फवाऱ्याला गोचिड्या काही ठिकाणी दाद देत नाहीत. त्यांच्या जनुकात बदल झालाय का हे तपासता येतं, म्हणजे शेतकऱ्याचे पैसे त्याच डब्यावर पुन्हा जात नाहीत. मला हे काम सगळ्यात जवळचं वाटतं, कारण यात पाल्याला खरंच जागा आहे : रासायनिक औषध कमी वेळा, आणि मधल्या काळात तेल.

मात्र गोचिडीने रक्तात सोडलेला रोग तेलाने जात नाही. लघवी लाल किंवा कॉफीसारखी होत असेल, ताप असेल, गाय रवंथ करत नसेल, कासेचा एक भाग दगडासारखा होऊन दुधात गाठी किंवा रक्त येत असेल, तर मला पाल्याचा फोटो पाठवू नका. आधी जनावरांच्या दवाखान्यात फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत शक्य असेल तर स्वच्छ बाटलीत त्या सडाचं थोडं दूध काढून थंड जागी ठेवा. औषध सुरू होण्याआधीचं दूध असेल तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते.