तंगूस कापायची कात्री

माझं रत्नागिरीत शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, जूनमध्ये शाळेचे गणवेश. सहा दिवस हातातून कात्री सुटत नाही, आणि सातव्या दिवशी आबांबरोबर भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जाते तेव्हाही कापाकापी असतेच. गळ बांधला की गाठीचं टोक छाटायचं, पिळा पडलेला दोर काढून टाकायचा, कातळात शिसं अडकलं तर दोर तोडून मोकळं व्हायचं. तरी या कामाला वेगळं हत्यार लागतं हे मला कळायला एक वाईट संध्याकाळ यावी लागली.

आबांचं हत्यार म्हणजे दात. जन्मभर तंगूस दातानं तोडून त्यांच्या पुढच्या दाताची कड तिरकी झिजलीय. मी किल्ल्यांच्या जुडग्यातला नेलकटर वापरायची. तंगुसावर तो छान चालतो. तंगूस म्हणजे नायलॉनची एकच भरीव तार, ती नेलकटरच्या दोन धारांत चिमटली की तुटते.

दोन वर्षांपूर्वी भाच्यानं मुंबईहून ब्रेडची गुंडाळी आणली. ब्रेड म्हणजे विणलेला दोर. तेवढाच ताण सोसणाऱ्या तंगुसाच्या जवळपास निम्म्या जाडीचा. आबांना तो इतका आवडला की त्यांनी आपल्या लाकडी फळकुटावरचा तंगूस काढून तोच गुंडाळला. बारीक विणलेला दोर हातगरीला, म्हणजे रिळाशिवाय नुसत्या हातानं ओढायच्या गरीला, वापरू नये, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पौषातली संध्याकाळ, ओहोटी लागलेली. आबांच्या गरीला पाकट, म्हणजे तो चपटा, लांब शेपटीचा मासा, लागली आणि ती तळाला बसून ओढायला लागली. दोर सरकू नये म्हणून आबांनी डाव्या हाताला वेढा दिला आणि पाकटीनं एकदम मुसंडी मारली. वेढा दोन बोटांवर आवळला. आबा ओरडले, "बाय, काप!"

मी नेलकटर लावला, दाबला. दोर दोन धारांच्या मधे चपटा झाला आणि तसाच बाहेर आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला निम्मे धागे तुटले आणि उरलेले पाकटीच्या ओढीनं गेले. तोवर दोर मधल्या बोटात रुतला होता. तीन टाके पडले. ते बोट अजून पूर्ण मिटत नाही, आणि सकाळी कपाचा कान धरताना आबा ते जरा बाजूला ठेवतात ते मी रोज बघते.

त्या रात्री मी तो दोर दुकानातल्या दिव्याखाली धरून उसवला. केसाहून बारीक असे कितीतरी तंतू, मेणासारखे गुळगुळीत. हे नायलॉन नव्हे, पॉलिथिलीनच्याच जातीचा अतिशय चिवट तंतू आहे. डायनीमा या नावानं तो ओळखला जातो आणि बुलेटप्रूफ जॅकेटांतही वापरतात. माझ्या दुकानातला धागे कापायचा छोटा कटर लावून पाहिला. सुती धागा त्याच्यापुढे टिकत नाही, पण हा दोर पात्यावरून टोकाकडे निसटत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा त्रास मला ओळखीचा आहे. जॉर्जेट कापताना अगदी हेच होतं. धारदार, गुळगुळीत पातं कापडाला कापायच्या आधी पुढे ढकलतं. म्हणून तसल्या कापडाला आम्ही एका पात्याला बारीक दाते असलेली कात्री घेतो. दाते कापड धरून ठेवतात, दुसरं पातं कापतं. ब्रेडलाही हेच लागतं.

दाते असले की झालं, असं मात्र नाही. कुठलीही चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरा. दोन पात्यांच्या मधे बारीकशी फट दिसेल. पाती मुद्दाम किंचित बाक देऊन बनवलेली असतात. कात्री मिटताना ती एका वेळी एकाच जागी भिडतात आणि ती जागा बिजागरीपासून टोकापर्यंत सरकत जाते. कापणं होतं ते त्या सरकत्या जागेवर. बिजागरी ढिली झाली की पाती एकमेकांना सोडतात आणि बारीक दोर कापला न जाता मधे दुमडून बसतो. पुष्कळदा लोक म्हणतात कात्रीची धार गेली, आणि मी स्क्रू पाव फेरा आवळून परत देते. म्हणून टिकाऊ कात्रीची माझी पहिली अट, बिजागरीला स्क्रू हवा. रिव्हेट ठोकलेली कात्री ढिली झाली की सहसा टाकूनच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट पोलादाची. कात्री विकत घ्यायला गेले तेव्हा मी मशीनच्या सुया उचलायचं चुंबक घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, बघा, चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस." ताटावाट्यांना हे ठीक आहे. कात्रीच्या पात्याला उलटं लागू होतं. भांड्याचं स्टेनलेस तापवून-विझवून कडक करता येत नाही, त्याची धार लवकर बसते. धार धरणारं जे स्टेनलेस असतं त्याला चुंबक चिकटतं. मूठ कशाचीही असो, पात्याला चुंबक चिकटायला हवं. अर्थात साध्या लोखंडालाही ते चिकटतंच, तेव्हा पात्यावर स्टेनलेसचा शिक्का आहे ना, तेही पाहून घ्या.

तिसरी परीक्षा दोरानंच करायची. मी ब्रेडचा हातभर तुकडा पर्समधून नेला होता. ताणून धरलेला दोर कसलीही कात्री कापते. तो एका हातानं सैल लोंबता धरा आणि पात्याच्या अगदी टोकानं कापा. एका दाबात सगळे तंतू तुटले पाहिजेत, चवरीसारखी झालर राहता कामा नये. सात-आठ कात्र्या मी अशा करून पाहिल्या, दुकानदार वैतागला. शेवटी जी घेतली ती वीतभरही नाही, ३२० रुपयांची. एका पात्याला दाते, बिजागरीला स्क्रू, टोकं बोथट. टोकं बोथट हवीतच, कारण अडकलेल्या बोटाच्या आणि दोराच्या मधे पातं घालायची वेळ पुन्हा आली तर अणकुचीदार टोक कातडीत जाईल. कड्या इतक्या मोठ्या की ओला अंगठा सहज जातो आणि ती एका हातानं चालते. माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसरा हात तेव्हा आबांचा हात धरून असेल.

आता दीड वर्ष झालं. गंज नाही, पण तो आपोआप टळलेला नाही. स्टेनलेसही खाऱ्या पाण्यात गंजतं. क्रोमियममुळे त्यावर जो पातळ थर असतो तो मीठ जागोजागी फोडतं आणि बारीक खड्डे पडतात, सगळ्यात आधी बिजागरीत, जिथे ओल बसून राहते. घरी आलं की कात्री उघडून गोड्या पाण्यात धुवायची, पुसायची, पंख्याखाली वाळवायची आणि स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब. अंघोळीच्या आधी हे करते, नंतर म्हटलं तर राहून जातं.

या कात्रीनं पोलादी तार किंवा गळ कधीच कापू नका. सुरमईसाठी तार लावत असाल तर पक्कड ठेवा. एकदा तार कापली की पात्याला खाच पडते आणि पुढे प्रत्येक वेळी ब्रेड त्या खाचेत अडकतो. आणि कात्री गळ्यात अडकवू नका, कमरेला लवचिक दोरीनं बांधा.

कापलेले तुकडे कातळावर टाकायचे नाहीत, हे आबांना पटवायला मला वेळ लागला. पूर्वी तेही टाकायचे. आमच्या तालुक्यातच गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तंगूस काय, ब्रेड काय, कुजत नाही, आणि पाकटीच्या ओढीनं जो आबांच्या बोटात रुतला तो कासवाच्या मानेत रुतायला तर कात्रीवालं कुणी जवळ नसणार. मी एक झाकणाचा डबा नेते. आता आबा स्वतःच तुकडा बोटाभोवती गुंडाळून, म्हणजे उजव्या हाताच्या बोटाभोवती, सैल, माझ्याकडे देतात.

हातगरीला आम्ही पुन्हा जाड तंगूस लावलाय. ब्रेड फक्त भाच्याच्या रिळावर. सध्या पाऊस आहे, खाडी गढूळ आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत जाणं नाही. कात्री तेल लावून मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याशेजारी ठेवलीय, जुन्या खणाच्या कापडात गुंडाळून, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तेल लागू नये म्हणून.