सायबरबॉल लावताना

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारातली (भावना आणि नाती अस्थिर राहणारा मानसिक विकार) ‘मला टाळतात’ ही भावना प्रयोगशाळेत तपासायची तर सायबरबॉल हा संगणकावरचा खेळ हाताशी असतो. पडद्यावर तिघे चेंडू फेकतात; सहभागीला बाकीचे दोघे खरी माणसं असल्याचं सांगतात, पण ते म्हणजे संगणकच. साधारण 30 फेकी. ‘वगळलेल्या’ गटाला सुरुवातीला एक-दोनदा चेंडू मिळतो, मग कधीच नाही. ‘सामावलेल्या’ गटाला सुमारे एक तृतीयांश वेळा. खेळ संपताच प्रश्नावली: आपलेपणा, स्वाभिमान, नियंत्रण, अस्तित्वाला अर्थ. शिवाय एक साधा प्रश्न, किती टक्के चेंडू तुमच्याकडे आले? तो गाळू नका. आकलनच चुकलं की आकलन बरोबर असूनही दुखलं, हे त्यावरूनच वेगळं काढता येतं.

खरी गंमत सामावलेल्या गटात आहे. बॉर्डरलाइनच्या रुग्णांना बरोबरीचा वाटा मिळूनही वगळल्यासारखं वाटतं, असं आढळलंय. त्यामुळे हा गट ‘नुसता कंट्रोल’, म्हणजे फक्त तुलनेपुरता, म्हणून लहान ठेवणं म्हणजे हातचं घालवणं.

घोळ बहुतेकदा तुलनेत होतो. समोर फक्त निरोगी लोक ठेवले तर दिसलेला फरक नैराश्याचाही असू शकतो. नैराश्य किंवा सामाजिक भयगंड असलेला तिसरा गट हवाच. निदान संरचित (ठरलेल्या प्रश्नांच्या) मुलाखतीने करा, चालू औषधं नोंदवा. समोरचे खेळाडू खोटे असल्याचा संशय आला का, हे शेवटी विचारा. पण अशांचा डेटा ठेवायचा की काढायचा, हे विश्लेषणाआधीच ठरलेलं असावं. समोर खरे खेळाडू नव्हते याचा खुलासा त्याच बैठकीत, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येताहेत का हे विचारल्याशिवाय कुणालाही घरी सोडू नये.