कुपवाडच्या शेडमध्ये सायकलचा हँगर बनवताना

आमच्या कुपवाड एमआयडीसीत काम चालतं ते मुख्यतः बिडाच्या कास्टिंगचं. शिरोलीकडच्या फाउंड्रीतून माल येतो, इथं त्याचं मशीनिंग होतं. माझी शेडही त्यातलीच. सायकलच्या पार्टकडे वळलो तो डिरेल्युअर हँगरमुळे.

गिअरच्या सायकलीचा मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या बोटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर बसतो, तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी तो वाकतो किंवा तुटतो. तो त्यासाठीच असतो, नाहीतर फ्रेमच जाईल. पण त्याचा आकार कंपनीगणिक वेगळा, कधी कधी मॉडेलगणिकही. मिरजेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडे दंडोबाच्या डोंगरावर पडलेली एक महागडी सायकल हँगर मिळेना म्हणून नुसती टांगून ठेवलेली होती. त्यानं तुटलेले दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. "दादा, एवढी मशिनं आहेत तुमच्याकडं, हे होत नाही व्हय?"

होतं. तुकडे जोडून मापं घेतली, ड्रॉइंग केलं, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनसाठी तुकडा पकडून ठेवणारं फिक्स्चर बनवलं. मशीनिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आपल्या भागातल्या पोरांच्या हातात ते कसब आहेच. अडलं ते मशीनिंगच्या आधी आणि नंतर.

पहिली अडचण मालाची. बीड मागाल तेवढं, ईएन-8 या पोलादाचा बार फोनवर येतो. पण 6061-टी6 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्लॅट पट्टी, टेस्ट सर्टिफिकेटसह आणि थोडी हवी म्हटलं की कोणी दारात उभं करत नाही. भंगारवाल्याकडे 'सिक्स सिरीज' म्हणून मिळतं, पण टी6 म्हणजे तापवून, पाण्यात विझवून, परत भट्टीत एजिंग केलेला माल. ते झालेलं नसेल तर धातू मऊ राहतो, टूलला चिकटतो, आणि बोल्ट आवळताना आटे सरकतात. काहींनी 7075 हा दुसरा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू सुचवला. तो जास्त ताकदीचा आहे, पण म्हणूनच मी घेतला नाही. हँगरनं फ्रेमच्या आधी हार मानायला हवी.

दुसरी गोष्ट आट्यांची. डिरेल्युअरचा बोल्ट एम10, म्हणजे 10 मिमी जाडीचा असला तरी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1 मिमीचा. दुकानात नुसता एम10 टॅप मागितला तर 1.5 पिचचा हातात पडतो. बारीक पिचचा टॅप आणि आटे मापात आहेत का ते तपासणारं गो-नो गो गेज मुंबईहून, नागदेवी स्ट्रीटवरून मागवले. आणि भोक काटकोनात हवं म्हणजे हवंच. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचात, शेजारच्या दोन चक्रांत चार मिलिमीटरचंही अंतर नसतं. हँगर किंचित कलला तरी चेन दोन चक्रांत घुटमळत राहते.

खरा घाम काढला तो ॲनोडायझिंगनं, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेनं ऑक्साइडचा कडक थर चढवण्याच्या कामानं. माल पुण्याला पाठवावा लागतो, आणि तिथं मोठ्या लॉटच्या गर्दीत आमची पिशवी मागे पडते. एका कारखान्यातून सुंदर काळा रंग चढून आला, पण बोल्ट अर्ध्यात अडकला. ॲनोडायझिंगचा थर काही अंशी पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, आट्यांतही. आता प्रत्येक भोकात रबरी बूच बसवूनच माल जातो. बूच बसवणं, काढणं, कडांवर राहिलेली धातूची कुसळं (बर) काढणं हे सगळं हातानं. किंमत तिथं चढते.

मधल्या काळात चीनचं कोटेशन मागवलं होतं. जास्त चालणाऱ्या आकारांत त्यांचा तयार नग माझ्या माल आणि ॲनोडायझिंगच्या खर्चातच बसत होता. ते एकच आकार हजारोंनी काढतात, आपण एका लॉटमध्ये चार आकार काढतो. त्यात कराचा पेच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि पार्टवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. गिऱ्हाइकासाठी फार चांगलं झालं. पण ॲल्युमिनियमवर 18 टक्केच आहे. विकताना पाच घ्यायचे, घेताना अठरा द्यायचे. फरकाचा रिफंड मिळतो, पण त्याच्या हिशेबात फक्त मालावरचा कर धरतात. जॉबवर्कचा, म्हणजे ॲनोडायझिंगसारख्या बाहेरून करून घेतलेल्या कामाचा, आणि मशीनवरचा धरत नाहीत. आयात करणारा कस्टम ड्युटी भरतो हे खरं, पण आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, पाचच टक्के भरतो आणि विक्रीत वळता करून घेतो. लहान शेडचं खेळतं भांडवल असं अडकून बसतं.

म्हणून जास्त खपाचे आकार दुकानदारानं बाहेरूनच आणावेत, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. बाहेरूनही सहजी न मिळणारे, जुन्या किंवा बंद झालेल्या मॉडेलचे हँगर मी करतो. तिथं चीनची किंमत आड येत नाही, कारण तिथून दोन नग कोणी पाठवत नाही. स्रॅम या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीनं 2019 मध्ये, त्याच्यासाठी बनवलेल्या कुठल्याही कंपनीच्या फ्रेमला चालेल असा एकच हँगर आणला. नव्या सायकलींत तो वाढला तर माझं काम घटेल, पण रस्त्यावर आज आहेत त्या सायकली पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत आणि पडणारही आहेत.

शेजारच्या दोन शेडवाल्यांना ॲल्युमिनियम लागतं, त्यामुळे हल्ली आम्ही 6061 एकत्र मागवतो आणि तुकडे वाटून घेतो. त्यानं मालाचा प्रश्न बराच सुटला. ॲनोडायझिंग अजून पुण्यालाच जातं. सांगली-कोल्हापूरकडे लहान लॉट घेऊन आट्यांत बूच लावून काम करणारं कोणी असेल तर जरूर कळवा, लगेच काम देतो.