जेम्स टेलर : सव्विसाव्या वर्षी थांबलेली खेळी

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं ट्रेंट ब्रिज मैदान म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना झहीर खान आठवतो. २००७ च्या कसोटीत श्रीरामपूरच्या या पठ्ठ्याने नऊ बळी घेतले आणि भारताने सामना जिंकला. पुढे २०१८ मध्ये अजिंक्य रहाणेने इथेच ८१ धावा केल्या, तोही जन्माने संगमनेर तालुक्यातला. नगर जिल्ह्याचं आणि या मैदानाचं चांगलं जमतं, असं मी नॉटिंगहॅममधल्या मराठी मंडळींना नेहमी सांगतो. पण इथल्या जुन्याजाणत्या प्रेक्षकांशेजारी बसून काउंटी सामना, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत संघांमधला सामना, बघायला लागलात, की गप्पांच्या ओघात कधी ना कधी इंग्लंडचा फलंदाज जेम्स टेलर याचं नाव निघतं. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून आज त्याच्याबद्दल.

काउंटी सामन्याचं वातावरण कसोटीपेक्षा अगदी वेगळं. स्टँड अर्धे रिकामे, एप्रिल महिना असला तर अंगावर जाड कोट, मांडीवर पांघरूण, हातात थर्मासमधला चहा. बरेचसे प्रेक्षक निवृत्त झालेले. ते आपल्या संघातल्या पोरांना पहिल्या सामन्यापासून बघत आलेले असतात, कोण कुठल्या शाळेतून आला, कुणाचा पाय कधी दुखावला, सगळं तोंडपाठ. टेलर तर नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, ६ जानेवारी १९९०चा. वडील घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होते. पोरानेही बांधा तसाच घेतला, बुटका आणि काटक. त्याच्या उंचीवरून इंग्लंडमध्ये नको इतकी चर्चा झाली. गावसकर आणि तेंडुलकर बघत वाढलेल्या माणसाला तो आक्षेप पटणं अवघडच आहे.

सुरुवात त्याने शेजारच्या लेस्टरशायरकडून केली. २००९ च्या मोसमात, विशीत पोचायच्या आधीच, हजारावर धावा आणि एक द्विशतक. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून क्रिकेट पत्रकारांनी त्याची निवड केली. मग तो नॉटिंगहॅमशायरकडे आला. २०१२ मध्ये हेडिंग्लेला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. समोर डेल स्टेन आणि मॉर्ने मॉर्केल. त्याने ३४ धावा केल्या आणि केव्हिन पीटरसनला मोठ्या भागीदारीत साथ दिली. पुढची कसोटी लॉर्ड्सची, आणि त्यानंतर तीन वर्षं कसोटी संघाबाहेर! त्या तीन वर्षांत तो काउंटीत धावांचा ढीग घालत राहिला. २०१५ मध्ये हॉरशॅमला ससेक्सविरुद्ध त्याने २९१ केल्या. अशी वाट बघण्याचं वैताग आणणारं काम किती जणांना झेपतं? मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

त्याच वर्षीच्या विश्वचषकातला मेलबर्नचा सामना काहींना आठवत असेल. ऑस्ट्रेलियाच्या ३४२ धावांपुढे इंग्लंडची पडझड झाली होती आणि टेलर एकटा लढत होता, नाबाद ९८. पंचांनी त्याला पायचीत दिलं, त्याने दाद मागितली, तो निर्णय फिरला. पण मधल्या क्षणी पलीकडचा जेम्स अँडरसन धावचीत झाला होता आणि पंचांनी त्याला बाद ठरवून सामना संपवला. नियमाप्रमाणे फलंदाजाला बाद दिल्याबरोबर चेंडू मृत होतो, म्हणजे ती धावचीत धरायलाच नको होती. आयसीसीने नंतर चूक मान्य केली. सामना इंग्लंड हरलंच असतं, पण त्या पोराचं शतक गेलं ते गेलंच. सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच त्याने १०१ काढल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग शारजातल्या कसोटीत ७६, आणि जानेवारी २०१६ मध्ये जोहान्सबर्ग. स्टुअर्ट ब्रॉडने १७ धावांत ६ बळी घेऊन दक्षिण आफ्रिकेला ८३ धावांत गुंडाळलं तो डाव. त्यात हाशिम आमलाचा झेल टेलरने शॉर्ट लेगला घेतला. फलंदाजाच्या इतकं जवळ उभं राहायला छाती लागते. संघात आता त्याची जागा पक्की होत होती.

तीन महिन्यांतच सगळं संपलं. ६ एप्रिल २०१६, केंब्रिजचं फेनर्स मैदान, विद्यापीठाच्या संघाविरुद्ध मोसमाआधीचा साधा सामना. सकाळी सरावात चेंडू फेकताना त्याची छाती आवळून आली, हृदय धडधडायला लागलं. आधी विषाणूसंसर्ग असावा असं वाटलं. तो नॉटिंगहॅमला परतला, रुग्णालयात गेला, तिथे ठोके मोजले तर मिनिटाला २६५. निदान झालं एआरव्हीसी या हृदयाच्या स्नायूच्या आजाराचं. यात मुख्यतः उजव्या बाजूच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि तंतुमय ऊती घेतात, ठोक्यांची लय बिघडते आणि भरपूर व्यायाम केला की आजार आणखी बळावतो. म्हणजे जे त्याचं काम तेच त्याच्या जिवावर उठलेलं. १२ एप्रिलला निवृत्ती जाहीर झाली. वय २६, कसोटी ७, एकदिवसीय सामने २७, त्यात ४२ च्या सरासरीने ८८७ धावा. छातीत एक छोटं उपकरण बसवलं गेलं, ठोके धोक्याच्या लयीत गेले की ते आतूनच झटका देतं.

इथल्या लोकांचं एक मला मनापासून आवडलं. त्यांनी त्याची कीव केली नाही. तो समालोचनाला बसला, आणि जुलै २०१८ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, इंग्लंडच्या निवड समितीत आला. ज्यांच्याबरोबर खेळला त्यांच्याच निवडीची जबाबदारी त्याच्यावर सोपवली गेली.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण आहे. असा आजार बऱ्याचदा माणूस गेल्यावरच कळतो. ब्रिटनमध्ये कार्डिॲक रिस्क इन द यंग नावाची संस्था आहे. तिच्या म्हणण्यानुसार पस्तिशीच्या आतले, वरवर ठणठणीत दिसणारे किमान १२ जण दर आठवड्याला इथे अचानक हृदय थांबून जातात. ही संस्था १४ ते ३५ वयाच्या मुलामुलींचा ईसीजी काढण्यासाठी गावोगाव शिबिरं भरवते. क्लबच्या भिंतीवर, स्टेशनवर, जुन्या लाल टेलिफोन खोक्यांतसुद्धा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारी यंत्रं, लावलेले असतात. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं तंत्र इंग्लंडच्या सरकारी माध्यमिक शाळांत २०२० पासून शिकवलंच जातं. इटलीत तर स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची हृदयतपासणी १९८२ पासून सक्तीची आहे.

आपल्याकडे शिवाजी पार्कपासून तालुक्याच्या मैदानापर्यंत हजारो पोरं भर उन्हात दिवसभर खेळतात. पळताना मध्येच घेरी आली, तर "उपाशी असेल", "ऊन लागलं असेल" म्हणून पाणी पाजून पुन्हा उभं करतात. बहुतेक वेळा कारण तेच असतंही. पण खेळता खेळता शुद्ध हरपली, छातीत दुखलं, विनाकारण धडधड झाली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर त्या मुलाला थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या. हा आजार आनुवंशिक असू शकतो, तेव्हा काका, मामा, आजोबा कशाने गेले तेही डॉक्टरांना सांगा. ईसीजीत सगळंच दिसतं असं नाही, गरज वाटली तर ते हृदयाची सोनोग्राफी आणि एमआरआय सांगतील. तोवर मुलाला मैदानात उतरवू नका, मग अंतिम सामना का असेना.