दोन टीबीची डिस्क आणि ‘सगळीकडे चालेल’ असा फॉरमॅट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना मी टॉवेल-चादरीची जेकार्ड डिझाइनं, म्हणजे मागावर विणतानाच उमटणारी नक्षी, करून देतो. चादरीवरचा मोर असो नाहीतर टॉवेलवर विणायचं लॉजचं नाव, शेवटी ती कॉम्प्युटरवरची चौकटीचौकटीची छोटी फाइल असते. दहा-बारा केबीची. वीस वर्षांत अशा ऐंशी हजारांच्या वर फाइली जमल्यात.

मे महिन्यातली दुपार होती. बॅकअपसाठी घेतलेल्या बाहेरून लावायच्या दोन टीबीच्या डिस्कवर कॉपी चालू होती आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, बदलू बदलू म्हणत दिवस ढकलले होते. तासाभरानं लाइट आली, डिस्क लावली, तर विंडोज म्हणतंय स्कॅन करून दुरुस्त करू का. मी लगेच हो म्हटलं. इथंच चुकलो. आधी जे वाचता येतंय ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि मगच दुरुस्तीला हात लावायचा, हे नंतर कळलं. स्कॅन संपल्यावर २०१५-१६ चा फोल्डर गायब. त्याच्या जागी ‘फाउंड’ नावाचा एक फोल्डर, आत शून्य शून्य आकड्यांच्या फाइली. कुठली कुणाच्या टॉवेलची, ते देवालाच ठाऊक.

२०१५-१६ चा तो फोल्डर कॉम्प्युटरवरून मी आधीच उडवला होता. जागा होत नव्हती आणि ‘बॅकअप आहे की!’ म्हणजे उरलेली एकुलती एक प्रत त्या डिस्कवर होती आणि मी तिला बॅकअप म्हणत होतो.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याचा पहिलाच प्रश्न, “मामा, डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे?” मला काय माहीत? फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडायच्या त्याची पद्धत. घेताना दुकानात मीच सांगितलं होतं, सगळीकडे चालली पाहिजे, भाच्याच्या मॅकवरपण. त्यांनी एक्सफॅट करून दिलं. मागितलं तेच मिळालं, त्यांची काही चूक नाही.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणलं, मुख्यतः पेनड्राइव्ह आणि कार्डांसाठी. विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येतं, मोठ्या फाइलीही जातात. पण त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नाही. विंडोजचं नेहमीचं एनटीएफएस हे दुकानातल्या कच्च्या वहीसारखी वही ठेवतं. रचनेत काय बदल करणार ते आधी टिपतं, मग करतं. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर वही बघून अर्धवट काम एकतर पुरं करतं नाहीतर मागं घेतं. जी फाइल त्या क्षणी उतरत होती ती अर्धवटच राहणार, ती काही वाचत नाही. पण शेजारचा जुना फोल्डर सहसा हवेत जात नाही.

दुसरी गोष्ट मला भाच्यानं प्रॉपर्टीज उघडायला लावून दाखवली. ऐंशी हजार फाइलींची ‘साइझ’ साधारण ९०० एमबी, आणि ‘साइझ ऑन डिस्क’ पावणेदहा जीबी! मी म्हटलं, हे काय गौडबंगाल? तर एवढ्या मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटला १२८ केबीचा खण (फाइल ठेवायचा सगळ्यात छोटा कप्पा) देतं. बारा केबीची फाइल ठेवली तरी अख्खा खण अडतो. एनटीएफएसचा खण ४ केबीचा, म्हणजे बारा केबीला तीन खण, वाया काही नाही. दोन टीबीत नऊ जीबी म्हणजे काही फार नाही, पण एका चादरीसाठी अख्खं कपाट अडवल्यासारखं मनाला लागलंच.

मग ठरवायला बसलो. जुन्या फॅट३२ फॉरमॅटचा प्रश्नच नव्हता. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं मी काढलेलं शूटिंगच सहा जीबीचं आहे. भाच्याच्या मित्रानं लिनक्सचं ईएक्सटी४ सुचवलं. चांगलं असेल, पण ती डिस्क विंडोजला लावली की ते सरळ ‘फॉरमॅट करू का’ विचारतं. मी नसताना घरात कुणी ‘हो’ दाबलं तर? मॅकच्या एपीएफएसचंही तेच, माझं विंडोज ते वाचतच नाही.

राहिलं एनटीएफएस. “पण मामा, मॅकवर ते फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, बरंच झालं की. तुला फाइली बघायच्यात, माझ्या डिस्कवर उचापती करायच्या नाहीत. इतके दिवस मी डिस्क कुठं कुठं चालेल हेच बघत होतो. बॅकअपच्या डिस्कला गावभर फिरायचंच नसतं. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी ती कुणाच्या कॉम्प्युटरला लागणार, एवढंच बघायचं होतं.

फॉरमॅट बदलणं मात्र सोपं गेलं नाही. विंडोजची कन्व्हर्ट कमांड जुन्या फॅटवरून एनटीएफएस करते, एक्सफॅटवरून नाही. म्हणून नवीपेठेतून दुसरी डिस्क आणली, आल्या आल्या एनटीएफएस केली, खणाचा आकार विंडोज देतं तोच, ४ केबीचा, ठेवला. क्विक फॉरमॅटची खूण मुद्दाम काढली. पूर्ण फॉरमॅटला पाच तास लागले, पण नवी डिस्क कुठं खराब असती तर तिथंच कळलं असतं. जुनीवरचं उरलंसुरलं हिच्यावर उतरवलं, वीस-पंचवीस फाइली उघडून बघितल्या आणि मग जुनीपण पुसून एनटीएफएस केली. तिच्यावर तेच सगळं परत. यूपीएसची बॅटरी आधी बदलली, हे सांगायला नको.

२०१५-१६ ची बरीचशी डिझाइनं शेवटी मिळाली ती कारखान्यातल्या जुन्या पेनड्राइव्हवर. तिथल्या जेकार्ड मशीनचा कंट्रोलर फॅट३२ सोडून दुसरं काही ओळखत नाही. एवढी नावं ठेवली त्या फॅट३२ ला, त्यानंच अब्रू राखली. मालक म्हणाले, “अण्णा, आमच्याकडून तुमचीच डिझाइनं न्यायला आलाव व्हय?” शेंगाचटणीचा एक डबा देऊन विषय मिटवला.

एक डिस्क माझ्या कपाटात असते. दुसरी भाचा परवा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला घेऊन गेला. रात्री त्याचा फोन आला, फाइली उघडतायत, नाव बदलून बघितलं तर बदलत नाही.