अंड्यांची पेटी, नोंद ५: व्होल्टेज मोजलं आणि गणित सुटलं

मागच्या घाण्याचा निकाल आधी सांगून टाकतो: २४ अंड्यांतून ९ पिल्लं. त्याच दिवशी आजीनं खुडूक कोंबडीखाली ६ अंडी ठेवली होती, त्यातली ५ फुटली. पाचही पिल्लं टोपलीत घालून तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवली. "काहून रे, कोंबडीले कोन्तं मशीन लागते?" उत्तर नव्हतं. लॉग उघडून बसलो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: पेटी म्हणजे कोंबडीशिवाय अंडी उबवायचं घरगुती मशीन, भंगारातल्या फ्रीजच्या सांगाड्यातून केलेलं. आत तापवायला १०० वॅटची नायक्रोम कॉइल, मागं वाळ्याची ओली ताटी आणि तिच्यातून हवा ओढणारा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा. आत ३७.५ अंश टिकवायचे, २१ दिवस. इतरांची पेटी ऊब देते. आमच्याकडं वर्धा जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी टिनाखालच्या खोलीत पारा ४५ वर असतो, म्हणजे पेटी थंड करावी लागते, आणि पहाटे पुन्हा तापवावी लागते. एकाच दिवसात कंट्रोलरचं काम दोनदा उलटं होतं. म्हणून फझी कंट्रोलर, म्हणजे "थोडं गरम", "बरंच गरम" असे एकमेकांत मिसळणारे नियम वापरणारा.

पहिला कंट्रोलर ममदानी पद्धतीचा होता. ममदानी आणि असिलियन यांनी १९७५ मध्ये वाफेच्या छोट्या इंजिनावर चालवून दाखवली तीच: "गरम आहे आणि चढतंय, तर कॉइल बरीच कमी कर." असे ९ नियम मनानं लिहिले. जानेवारीत झकास चालले. पण मनानं लिहिलेले नियम कधी डगमगतील ते आधी कळत नाही, आणि लॉगमध्ये तेच सापडलं. रात्री पावणेबाराला शेतीची लाईन आली, आमच्या डीपीवरच्या मोटारी एकामागून एक लागल्या आणि व्होल्टेज २३० वरून १७० वर आलं. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गात बदलते, म्हणजे १०० वॅटची कॉइल ५५ वर. कंट्रोलर हळूहळू जोर वाढवत गेला. पहाटे तीनला मोटारी बंद, व्होल्टेज २४५, तीच कॉइल ११३ वॅट. पेटी ३९.६ ला गेली आणि खाली यायला तास लागला. हे एकदा नाही, आठवडाभर रोज.

मग टी-एस (ताकागी-सुगेनो) मॉडेलकडं वळलो. ताकागी आणि सुगेनो यांच्या १९८५ च्या मांडणीत नियमाच्या "तर"पुढं शब्दाऐवजी समीकरण असतं. माझे नियम तीनच: बाहेर २०, बाहेर ३४, बाहेर ४५. प्रत्येकाला आपलं साधं रेषीय मॉडेल, त्यात तीन स्थिती: हवेचं तापमान, आत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांचं तापमान आणि साचत गेलेली चूक. आकडे काढायला कॉइल एकदम ३० टक्के दिली आणि दर १० सेकंदांनी तापमान टिपलं. पंख्याचा जोर तिन्ही नियमांत वेगळा येतो, कारण बाहेर ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याचा पारा २४ च्या आसपास उतरतो. माझ्या ताटीतून २८-२९ ची हवा मिळते. बाहेर २० असताना तोच पंखा पेटी गारठवून टाकतो.

प्रत्येक नियमाला स्वतःचा फीडबॅक (मोजलेल्या स्थितीवरून कॉइलचा जोर ठरवणारं सूत्र), आणि नियम जसे मिसळतात तसे फीडबॅकही मिसळायचे. स्थिरतेच्या हमीसाठी नेहमीची वाट म्हणजे सगळ्या नियमांना लागू पडणारं एकच ल्यापुनोव्ह फलन शोधायचं, म्हणजे बिघाड किती उरला ते सांगणारा आणि सतत घटत जाणारा एक आकडा. ३ नियमांच्या ३ अटी, जोड्यांच्या आणखी ३. अनिश्चित गोष्टी दोन धरल्या, व्होल्टेज आणि ताटीचा ओलावा, म्हणून ४ कोपरे (दोन्हींच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किमतींच्या जोड्या). ६ गुणिले ४, झाल्या २४ मॅट्रिक्स असमानता, म्हणजे एकाच वेळी पाळायच्या २४ अटी. वर कॉइल १०० टक्क्यांपुढं जाणार नाही ही मर्यादा, आणि बिघडल्यावर २० मिनिटांत सावरायचं ही माझी हौस. पायथनमध्ये टाकलं. उत्तर आलं: इनफीझिबल, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळणारं उत्तरच नाही. तीन संध्याकाळी तेच. २० मिनिटांचा हट्ट सोडला तर सुटायचं, पण मग सावरायला दीड तास. त्यापेक्षा कोंबडी बरी.

चूक माझ्या मांडणीत होती. व्होल्टेज मी "अनिश्चित" म्हणून गणितात कोंबलं होतं, आणि ते तर मोजता येतं! अनिश्चिततेत फक्त न मोजता येणारं ठेवायचं. मोजता येणारं आधीच वजा करायचं. व्होल्टेज मोजणारी छोटी पट्टी लावली आणि कॉइलची आज्ञा (व्होल्टेज/२३०) च्या वर्गानं भागायला सुरुवात केली. कोपरे २ उरले, असमानता १२. सॉल्व्हरनं (या अटी सोडवणाऱ्या प्रोग्रॅमनं) सेकंदभरात उत्तर दिलं. (स्टॅबिलायझर घे म्हणणाऱ्यांना: हो, माहीत आहे. मजा कुठं राहिली मग?)

हे जड गणित लॅपटॉपवर एकदाच होतं. पेटीतली ईएसपी३२ ही छोटी कंट्रोलर चिप फक्त बाहेरचं तापमान बघून तीन फीडबॅकची सरासरी काढते आणि १० सेकंदांच्या खिडकीत कॉइल चालू-बंद करते.

काल रात्री कसोटी झाली. लाईन आली, २३२ चं १७४ झालं, पेटी ३७.३ ते ३७.७ च्या मधेच. सेन्सरची हमी अर्ध्या अंशाचीच, म्हणून तापाच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं, ०.२ चा फरक निघाला तो आता वजा होतो. लाईन साफ गेली तर मात्र कुठलंही प्रमेय कामाचं नाही. तिथं एकेक लिटरच्या ६ बाटल्या राखतात: पहाटेच्या वेळी एक अंश उतरायला साधारण २० मिनिटं लागतात.

आज १७ वा दिवस. अंडी आता स्वतःच ऊब देतात, ते साचलेल्या चुकीच्या स्थितीनं सांभाळलं. कॉइलची सरासरी आठवड्यात २२ वरून १४ टक्क्यांवर आली. बॅटरीसमोर धरल्यावर २४ पैकी २० अंडी भरलेली दिसतात. उद्या अंडी फिरवणारी मोटर बंद करून आर्द्रता ६५ च्या वर न्यायची आहे. त्यासाठी ताटी जास्त ओली ठेवावी लागेल, आणि इतक्या ओल्या ताटीवर मी पंख्याचा जोर मोजलेलाच नाही. आज रात्री रिकामी पेटी मिळणार नाही, तेव्हा अंड्यांसकटच हळूहळू मोजतो. आजीनं यंदाही ६ अंडी कोंबडीखाली ठेवलीच आहेत.