मुकाट्याने जुळलेल्या ओळी

मोठे रिफॅक्टरिंग, म्हणजे प्रोग्रामचे काम तेच ठेवून केलेली कोडची फेरमांडणी, सामायिक प्रकल्पात मर्ज करायची (इतरांच्या कोडमध्ये मिसळायची) वेळ आली की सगळ्यांना धास्ती असते ती कॉन्फ्लिक्टची, एकाच जागी दोघांनी केलेल्या बदलांच्या टकरीची. मला मात्र कॉन्फ्लिक्टचे एवढे काही वाटत नाही. कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारे गिट जिथे अडते तिथे खुणा करते, दोन्ही बाजूंच्या ओळी समोर मांडते आणि निवाडा आपल्यावर सोपवते. भांडण उघड असले की मिटवताही येते. धडकी भरते ती कुठेही कुरकुर न होता सगळे जुळून आले की.

समजा, सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची हे ठरवणारे एक फंक्शन आजवर सेकंद घेत असे आणि रिफॅक्टरिंग करणाऱ्याने ते मिलिसेकंदांवर आणले. जिथे जिथे ३० होते तिथे त्याने इमानेइतबारे ३०,००० केले. दरम्यान दुसऱ्या कोणीतरी आपल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या चालवलेल्या शाखेवर), वेगळ्याच फाइलमध्ये, त्याच फंक्शनला ३० देणारी एक नवी ओळ लिहिली. दोघांनी एकाच जागी हात लावलेला नसल्यामुळे मर्ज बिनतक्रार होतो, पूर्णांकाच्या जागी पूर्णांकच असल्यामुळे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही गप्प बसतो, आणि जिथे अर्धा मिनिट धीर धरायचा तिथे प्रोग्राम ३० मिलिसेकंदांत हात टेकतो. म्हणून अर्थ बदलला की नावही बदलावे, आणि जुन्या नावाच्या फंक्शनने काही दिवस आलेल्या आकड्याला हजाराने गुणून नव्याला हाक मारावी, असे माझे मत आहे. कोड तेवढ्यापुरता कुरूप दिसतो, दिसू द्यावा.

फाइल हलवणे आणि तिचा मजकूर बदलणे या दोन गोष्टी एकाच कमिटमध्ये (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) उरकण्याचा मोह तर हमखास टाळावा. फाइलचे नाव बदलल्याची नोंद गिट ठेवतच नाही. जुन्या आणि नव्या मजकुरातील साम्यावरून ते अंदाज बांधते आणि हे साम्य सहसा ५० टक्क्यांखाली गेले, की एक फाइल गेली व दुसरी जन्मली असे धरून चालते. मग जुन्या फाइलवर इतरांचे चालू असलेले काम कुठे लावायचे, हे त्याला कळत नाही. (कोड फक्त नीटनेटका करणाऱ्याचे नाव ओळीओळीला चिकटू नये म्हणून कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या ‘ब्लेम’मधून ठरावीक कमिट वगळण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते.)

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नवे काम आत घेण्यासाठी साधारण दोन आठवड्यांची खिडकी असते. शेकडो फाइलींना हात लावणारे यांत्रिक बदल तिथे पुष्कळदा ही खिडकी बंद होता होता, पहिल्या आरसीच्या (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठी काढलेली आवृत्ती) तोंडावर केले जातात, कारण तोवर इतरांचे बरेचसे काम आत आलेले असते. अशा कमिटच्या संदेशात कधी कधी बदल करणारी स्क्रिप्टच दिलेली असते, आणि ज्याची ब्रँच अजून बाहेर आहे त्याला हजारो ओळींचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधील फरकांची यादी) उलगडत बसण्याऐवजी तीच स्क्रिप्ट आपल्या कोडवर चालवता येते.